रोगप्रतिकारक पेप्टाइड आणि कोलेस्टेरॉल : आप्पांची गोळी बंद करून इंजेक्शन द्यावं का?

अबोली_नाशिक

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे वडील, आप्पा, वय ६७. चार वर्षांपूर्वी त्यांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८ निघालं आणि रोज रात्री रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गटातली गोळी, सुरू झाली. पहिल्या वर्षी एलडीएल ८४ पर्यंत उतरलं. मागच्या वर्षी गोळी चालू असतानाच ११७ आलं, तेव्हा आम्ही दिवाळीच्या फराळावर खापर फोडलं. त्यानंतर आप्पांच्या मांड्या आणि पोटऱ्या दुखायला लागल्या. जिना चढताना कठडा धरतात, खाली बसले की उठताना हात मागतात. गोळीनेच होतंय असं ठरवून त्यांनी दोन महिन्यांपूर्वी कुणालाही न सांगता गोळी बंद केली. मला कळलं ते देवघराच्या खणात न फोडलेल्या चार पट्ट्या सापडल्या तेव्हा. परवाच्या रिपोर्टात एलडीएल १९६.

माझा चुलतभाऊ व्यायामशाळा चालवतो. मनाने फार चांगला, आप्पांवर त्याचा जीव आहे. त्याने बर्फाच्या डब्यातून सहा छोट्या बाटल्या आणून दिल्या. म्हणतो, हे शरीरातलंच रोगप्रतिकारक पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) आहे, याने कोलेस्टेरॉल उतरतं, गोळीची गरज नाही. सोबत एका बातमीचा दुवा पाठवला. तिच्यात असं होतं की, पांढऱ्या पेशींमधलं एक पेप्टाइड ज्या उंदरांच्या अंगात होतं त्यांचं कोलेस्टेरॉल कमी झालं. बातमी खोटी वाटत नाही. आप्पा तर इंजेक्शन घ्यायला एका पायावर तयार आहेत.

रोगप्रतिकारशक्तीचा आणि कोलेस्टेरॉलचा खरंच असा संबंध आहे का? इथे या विषयातले जाणकार आहेत, कृपया लिहा. बाटल्या सध्या फ्रिजच्या दारात आहेत आणि रविवारी पहिलं इंजेक्शन द्यायचं घाटतंय.

तिळगूळ

रविवारी काही देऊ नकोस गं. आधी इथले प्रतिसाद येऊ देत.

कट्ट्यावरचा

+१. आमच्या फ्रिजच्या दारात लिंबाचं लोणचं आणि कोथिंबीर असते. औषधाला तिथे जागा मिळाली म्हणून ते औषध ठरत नाही.

इसारकाठी

अबोलीताई, मी म्युनिकला असतो, प्रथिनांवर काम करतो. हृदयरोग हा माझा विषय नाही, पण तुमच्या भावाने पाठवलेली बातमी कोणत्या कामावरची असावी ते ओळखलं, कारण ते काम याच शहरातल्या विद्यापीठातलं, २०१७ सालचं आहे. बातमी खोटी नाही. अर्धी आहे.

न्यूट्रोफिल म्हणजे आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी संख्येने सगळ्यात जास्त असणारी पेशी. जखम झाली की पहिल्यांदा हीच धावते. तिच्या पोटात बारीक कण असतात आणि त्यांत जंतू मारणारी छोटी प्रथिनं ठासून भरलेली असतात. त्यांतल्या एका गटाला अल्फा-डिफेन्सिन म्हणतात. १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी ती माणसाच्या न्यूट्रोफिलमधून वेगळी काढली. त्यांतलं एचएनपी-१ हे जेमतेम ३० अमिनो आम्लांचं. त्यावर धन विद्युतभार असतो आणि जंतूंच्या आवरणावर ऋण, म्हणून ते जंतूला चिकटतं आणि त्याचं आवरण फोडतं.

गंमत अशी की उंदरांच्या न्यूट्रोफिलमध्ये हे पेप्टाइड नसतंच. म्हणून म्युनिकच्या गटाने माणसाचं जनुक घातलेले उंदीर घेतले आणि त्यांना चरबीयुक्त खाणं दिलं. या उंदरांच्या रक्तातलं एलडीएल कमी राहिलं आणि धमन्यांतले थरही कमी झाले. कारण असं दिसलं की एचएनपी-१ एलडीएलच्या कणाला चिकटतं आणि असा कण यकृत जास्त जोमाने ओढून घेतं. यकृताच्या पेशीवर एलडीएल पकडणारे रिसेप्टर असतात. त्यांच्या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. स्टॅटिनही शेवटी हेच करते, यकृतावरचे रिसेप्टर वाढवते.

आता उरलेली अर्धी गोष्ट. याच अल्फा-डिफेन्सिनवर फिलाडेल्फिया आणि जेरुसलेमच्या शास्त्रज्ञांनी १९९७ पासून काम केलं आहे. त्यांना माणसाच्या रोगट धमन्यांच्या भिंतीत डिफेन्सिन साठलेलं सापडलं. पेशींवरच्या प्रयोगांत दिसलं की डिफेन्सिन असेल तर एलडीएल आणि लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा कण) हे कण रक्तवाहिनीच्या पेशींना जास्त चिकटतात. भिंतीवरही ऋण भाराचे रेणू असतात, त्यामुळे डिफेन्सिन एका बाजूने कण धरतं आणि दुसऱ्या बाजूने भिंत.

कणीक मळताना हात माखलेला असतो ना, तसं हे पेप्टाइड. त्या हाताने पोळपाट धरला तर पोळपाट चिकटतो, फ्रिजची मूठ धरली तर मूठ. यकृतापाशी कण चिकटला तर भलं, धमनीत चिकटला तर नुकसान. तेव्हा संबंध आहे का, याचं उत्तर हो, आणि तो दोन्ही दिशांनी आहे. म्हणूनच ते बाटलीतून कुणाला टोचण्याच्या स्थितीत आज कुणीही नाही.

एक विनंती. बाटलीवर काय लिहिलंय ते तंतोतंत इथे लिहाल का?

अबोली_नाशिक

आत्ता फ्रिज उघडून बघितलं. करंगळीएवढी काचेची बाटली, निळं टोपण, तळाला पांढरी पूड, ओलसर मिठाची ढेप असावी तशी. लेबलावर "एलएल-३७, ५ मिलिग्रॅम" आणि खाली बारीक अक्षरांत "फॉर रिसर्च यूज ओन्ली". कंपनीचा पत्ता नाही, तारीख नाही.

इसारकाठी

मला नेमकी हीच भीती होती. बातमीतलं पेप्टाइड वेगळं आणि बाटलीतलं वेगळं.

एलएल-३७ हे कॅथेलिसिडिन घराण्यातलं. माणसात या घराण्याचं हे एकच पेप्टाइड आहे. ३७ अमिनो आम्लं, सुरुवातीला दोन ल्युसिन (या अमिनो आम्लाची खूण इंग्रजी एल), म्हणून हे नाव. तेही जंतुनाशक, तेही न्यूट्रोफिलमध्ये असतं, त्यामुळे जाहिरातीत दोघांची सरमिसळ करणं सोपं जातं. पण एलएल-३७ सुद्धा माणसाच्या धमन्यांतल्या थरांत सापडलंय. उंदरांतला त्याचा भाऊबंद जनुकातून काढून टाकला तेव्हा त्या उंदरांच्या धमन्यांत थर कमी साठले, असं २०१२ च्या कामात दिसलं. म्हणजे पेप्टाइड नव्हतं तेव्हा धमन्या बऱ्या राहिल्या. तुमच्या भावाच्या अपेक्षेच्या अगदी उलट.

लोहपुरुष_ठाणे

थोडा विरोधी सूर लावतो. मी दहा वर्षं व्यायामशाळेत प्रशिक्षक आहे, पेप्टाइड घेणारे रोज बघतो. हे शरीरातच तयार होतं, बाहेरचं रसायन नाही. ड जीवनसत्त्वाने एलएल-३७ वाढतं हे तर सिद्ध झालंय, आणि ज्यांचं ड जीवनसत्त्व चांगलं असतं त्यांना हृदयविकार कमी होतो. मग थेट एलएल-३७ दिलं तर फायदा का होणार नाही? सगळ्या डॉक्टरांना गोळ्याच का हव्या असतात?

सावली

@लोहपुरुष, शरीरातच तयार होतं म्हणून निर्धोक, हे मला माझ्या अंगावर मान्य करता येत नाही.

मला वयाच्या २३ व्या वर्षापासून सोरायसिस आहे. कोपरं, गुडघे, डोक्याची त्वचा. उन्हाळ्यात बरं, थंडीत गादीवर सकाळी कोंडा पडलेला असतो. २००७ साली शोध लागला की सोरायसिसच्या त्वचेत एलएल-३७ फाजील वाढलेलं असतं. ते आपल्याच मेलेल्या पेशींच्या डीएनएला बिलगतं, आणि मग रोगप्रतिकारक पेशींना वाटतं की विषाणू आला. त्या आपल्याच त्वचेवर चाल करतात. माझ्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. तो कागद अजून माझ्या फायलीत आहे.

त्यांनी त्याच दिवशी आणखी एक सांगितलं. सोरायसिस असणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून लिपिड प्रोफाइल दर वर्षी करायची. सूज त्वचेपुरती थांबत नाही. अबोली, तुझ्या आप्पांच्या घराण्यात कुणाला सोरायसिस असेल तर त्या बाटलीला हात लावायचा विचारही मनात आणू नकोस.

लोहपुरुष_ठाणे

@सावली, हे मला माहीत नव्हतं. वाईट वाटलं वाचून. ड जीवनसत्त्वाचं मात्र उत्तर द्या कुणीतरी.

डॉ_पन्हाळा

देतो. मी कोल्हापुरात फिजिशियन आहे.

ड जीवनसत्त्वाने एलएल-३७ चं जनुक जागं होतं, हे बरोबर. क्षयाच्या जंतूविरुद्ध ही यंत्रणा कशी चालते ते २००६ साली दाखवलं गेलं. पण तिथून हृदयविकारापर्यंत उडी मारता येत नाही. अमेरिकेत २५,८७१ लोकांवर चाचणी झाली, रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व किंवा नुसती खोटी गोळी. २०१८ ला निकाल आला, हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. ज्यांचं ड जीवनसत्त्व चांगलं असतं ती माणसं मुळातच उन्हात हिंडणारी, हातीपायी धड असतात. बरी तब्येत हे ड जीवनसत्त्व जास्त असण्याचं कारण असू शकतं. ज्यांना कमतरता आहे त्यांनी हाडांसाठी ६० हजारांची पुडी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे जरूर घ्यावी. कोलेस्टेरॉलसाठी नाही.

डॉक्टरांना गोळ्याच का हव्या, या प्रश्नाचा मला राग येत नाही. मला गोळी हवी असते कारण तिचं काय होतं ते लाखो माणसांत बघून झालेलं आहे. बाटलीतल्या पुडीत काय आहे, किती आहे, निर्जंतुक आहे की नाही, हे विकणाराही सांगू शकत नाही. एलएल-३७ कोलेस्टेरॉलसाठी कुठल्याही देशात औषध म्हणून मान्य नाही. पायाच्या न भरणाऱ्या जखमांवर वरून लावून त्याचे प्रयोग झालेत, ती वेगळी गोष्ट.

आता रोगप्रतिकारशक्तीकडे. धमनीत थर साठणं म्हणजे नळात गाळ साठणं, असं आम्ही रुग्णांना सांगत आलो. ते अपुरं आहे. भिंतीत शिरलेलं एलडीएल बिघडतं, पांढऱ्या पेशी ते गिळायला येतात, गिळून फुगतात, तिथेच मरतात. ती एक धुमसती जखम असते. ही सूज कमी केली तर झटके कमी होतात का, हे २०१७ च्या कॅन्टोस चाचणीत तपासलं. दहा हजारांवर रुग्ण, कॅनाकिनुमॅब नावाची प्रतिपिंडं. एलडीएल जराही न उतरता झटके कमी झाले. पण जीवघेणे जंतुसंसर्ग थोडे वाढले. रोगप्रतिकारशक्तीला हात लावला की दुसरीकडे काहीतरी हलतं.

त्यानंतर कोल्चिसिन आलं. संधिवाताचं, म्हणजे गाउटचं, जुनं स्वस्त औषध, रोज अर्धा मिलिग्रॅम. २०२० च्या नेदरलँड्स-ऑस्ट्रेलियाच्या चाचणीत ५,५२२ हृदयरुग्णांत झटके आणि तत्सम घटना सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. २०२४ मध्ये ताज्या झटक्यानंतर दिलेल्या एका मोठ्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. म्हणजे वाद संपलेला नाही.

बाणकोटकर

डॉक्टरसाहेब, कोल्चिसिन म्हणजे आपल्या कळलावीत असतं तेच ना? आमच्याकडे श्रावणात गडग्यावर चढते. पाकळ्या खाली पिवळ्या, वर लाल, आगीच्या जिभा लवलवाव्यात तशा. आजी म्हणायची, फुलाला हात लावू नका, घरात आणलं तर भांडणं लागतात.

डॉ_पन्हाळा

तेच. आणि आजी शहाणी होती. कळलावीच्या कंदात कोल्चिसिन ठासून असतं. रताळं किंवा कणगर समजून कंद खाल्लेली माणसं मी शिकत असताना वॉर्डात बघितलीत. आधी जुलाब, उलट्या, मग रक्तपेशी घटतात, मूत्रपिंड बसतं. सगळी वाचली नाहीत. औषध आणि विष यांत इथे फार थोडं अंतर आहे, त्यामुळे कृपा करून कुणी हा धागा वाचून गडग्याकडे जाऊ नये. कोल्चिसिनची गोळीसुद्धा मूत्रपिंड नीट नसेल तर त्रास देते, आणि काही औषधांसोबत स्नायू दुखावते. स्टॅटिनही त्या यादीत आहे.

इसारकाठी

यात एक धागा जुळतो म्हणून सांगतो. जेरुसलेमच्या त्याच गटाने २०१९ मध्ये दाखवलं की न्यूट्रोफिलमधून अल्फा-डिफेन्सिन बाहेर सांडणं कोल्चिसिन रोखतं, आणि त्यामुळे उंदरांत रक्ताच्या गुठळ्या कमी झाल्या. म्हणजे त्यांचा रोख डिफेन्सिन आवरण्याकडे आहे आणि म्युनिकच्या उंदरांत डिफेन्सिन असण्याचा फायदा दिसला. दोन्हीकडे कष्टाने काम करणारी माणसं आहेत. उत्तर अजून बनतंय.

बाणकोटकर

आमच्या पिढीत हे काहीच नव्हतं हो. साजूक तूप, ओलं खोबरं, मासळी आणि रोज दोन कोस चाल. माझे वडील ९१ वर्षं जगले.

हडपसर_हायवे

काका, तुमच्या वडिलांना नमस्कार. माझा धाकटा भाऊ ४१ व्या वर्षी गेला. तूप खात नव्हता, सिगारेट नाही, सिंहगड दर रविवारी. एलडीएल ११२. कंपनीच्या दर वर्षीच्या तपासणीत "सामान्य" असाच शेरा.

तो गेल्यानंतर आम्ही तिघा भावंडांनी इसारकाठींनी वर उल्लेख केलेलं लायपोप्रोटीन-ए तपासलं. ५० च्या आत हवं, माझं १३८. हे जन्मजात असतं, खाण्यापिण्याने बदलत नाही, आणि आपल्या भारतीयांत चारांतल्या सुमारे एकाचं वाढलेलं असतं. जन्मात एकदा तपासलं की पुरतं. आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही. आता मी ४६ चा आहे, एलडीएल ५५ च्या खाली ठेवतो, रोज रात्री जेवणानंतर गोळी, एक दिवस चुकवत नाही. त्याचा फोटो औषधाच्या डब्याच्या वरच आहे.

अबोलीताई, आप्पांना गोळीने त्रास होत असेल तर गोळी बदला, मात्रा बदला, पण रिकामं ठेवू नका.

बाणकोटकर

माफ करा. वडिलांचं उदाहरण द्यायला नको होतं. तपासणी करून घेतो. ७२ चा आहे, पण मुलांना तरी कळेल.

नमुना_क्रमांक_७

मी सांगलीत रक्त तपासणी प्रयोगशाळेत १९ वर्षं आहे. दोन गोष्टी.

पहिली, रोगप्रतिकारशक्ती आणि कोलेस्टेरॉल यांचा संबंध आम्हाला खिडकीपाशी बसून दिसतो. तापाच्या साथीत कोलेस्टेरॉलचे आकडे खाली येतात. गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ विषमज्वरातून उठल्यावर आठव्या दिवशी तपासायला आले. एकूण कोलेस्टेरॉल ११८. इतके खूश झाले की "आता गोळी सुटली" म्हणत पेढ्याचा पुडा ठेवून गेले. मी मागे धावत जाऊन सांगितलं, काका, हा आजारपणाचा आकडा आहे, दीड-दोन महिन्यांनी परत या. ऐकलं त्यांनी. परत आले तेव्हा २३१. जंतुसंसर्ग झाला की एलडीएल आणि एचडीएल दोन्ही उतरतात, ट्रायग्लिसराइड उलट वाढतं. हे कण जंतूंचं विष धरून ठेवायलाही वापरले जातात. त्यामुळे ताप, शस्त्रक्रिया, मोठी जखम झाल्यावर लगेच लिपिड प्रोफाइल करू नका. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं तर गणिताने काढलेलं एलडीएलही धरू नका, थेट मोजून मागा.

दुसरी गोष्ट आप्पांबद्दल. त्यांचे आकडे मी दोनदा वाचले. गोळी सुरू होण्याआधी १६८. गोळीवर ८४, मग गोळी चालू असताना ११७. गोळी सोडल्यावर १९६. नुसती गोळी सोडली असती तर आकडा १६८ च्या आसपास परत यायला हवा होता. त्याच्या बराच वर गेलाय, आणि गोळी चालू असतानाच चढायला लागला होता. मला निदान करायचा अधिकार नाही. पण असे आकडे आणि जोडीला अंगदुखी दिसली की आमचे डॉक्टर एक तपासणी हमखास लिहून देतात. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, झालीय का त्यांची?

डॉ_पन्हाळा

नमुना_क्रमांक_७, शाबास. हे मी आधी विचारायला हवं होतं.

थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की यकृतावरचे एलडीएल पकडणारे रिसेप्टर घटतात आणि एलडीएल चढतं. शिवाय स्नायू दुखतात, आणि अशा माणसाला स्टॅटिन दिली तर जास्त दुखतात. अबोली, आप्पांना थंडी जास्त वाजते का? बद्धकोष्ठ? आवाज जड झालाय? रविवारी इंजेक्शन नको, सोमवारी टीएसएच आणि सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढतं ते) करा.

अबोली_नाशिक

वाचून अंगावर काटा आला. एप्रिलमध्येही आप्पा स्वेटर घालून ओट्यावर बसायचे. आम्ही वय झालं म्हणायचो. फोनवर आत्याने दोनदा विचारलं होतं, तुझा आवाज असा का झालाय. सोमवारी नेते.

कट्ट्यावरचा

सगळे वाट बघतोय. आप्पांना सांग, नाशिकबाहेर त्यांच्या तब्येतीची चौकशी करणारी बरीच माणसं झालीत.

गुळाचा_चहा

अवांतर : पेप्टाइड म्हटलं की सगळंच भोंदू का? एलडीएल उतरवणारं खरं पेप्टाइड नाहीच का?

इसारकाठी

आहे ना, आणि चांगला प्रश्न. पीसीएसके-९ नावाचं एक प्रथिन यकृतावरचे रिसेप्टर मोडून टाकतं. पॅरिसच्या संशोधकांनी २००३ साली काही कुटुंबांत त्याचं बिघडलेलं जनुक शोधलं. मग त्याला अडवणारी प्रतिपिंडं तयार झाली, २०१५ पासून वापरात आहेत. २७ हजारांवर रुग्णांच्या चाचणीत एलडीएल ५९ टक्क्यांनी उतरलं. प्रतिपिंडं म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेचंच हत्यार, फक्त प्रयोगशाळेत घडवलेलं. आणि आता त्याच पीसीएसके-९ ला धरणारं वर्तुळाकार पेप्टाइड तोंडाने घ्यायच्या गोळीत आलंय, एन्लिसिटाइड नाव. २०२३ च्या मधल्या टप्प्याच्या चाचणीत मात्रेनुसार एलडीएल ४१ ते ६१ टक्के उतरलं. त्यांनी माणसं मोजली, मात्रा ठरवल्या, त्रास नोंदवले. निळ्या टोपणाच्या बाटलीत ते काहीच नाही.

लोहपुरुष_ठाणे

इसारकाठी, सावली, डॉक्टर, तिघांचे आभार. माझ्याकडे व्यायामाला येणारे दोघे हेच एलएल-३७ घेत होते. एकाला टोचल्या जागी गाठ झाली आहे. आज दोघांशी बोललो, एकाने थांबवलं. गाठवाल्याला घेऊन उद्या डॉक्टरांकडे जातोय.

सावली

बरं केलंत दादा.

अबोली_नाशिक

रिपोर्ट आले. टीएसएच ४८, म्हणजे थायरॉइड खूपच कमी पडतंय. सीपीके ६१०, वाढलेलं आहे पण डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखं नाही. थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं तपासायला सांगितली, तीही भरपूर वाढलेली आहेत. थायरॉक्सिन कमी मात्रेने सुरू केलंय, हृदयाचा विचार करून हळूहळू वाढवणार. सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी अर्धा तास. आप्पांना चहाला थांबणं सगळ्यात जड जातंय. स्टॅटिन दीड महिन्याने बघू म्हणाले.

इसारकाठी

अबोलीताई, तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं होतं, रोगप्रतिकारशक्तीचा आणि कोलेस्टेरॉलचा खरंच संबंध आहे का. आप्पांच्या बाबतीत तो होता. त्यांच्या रोगप्रतिकारक पेशी त्यांच्याच थायरॉइडवर चालून गेल्या, संप्रेरक घटलं, यकृतावरचे रिसेप्टर घटले आणि एलडीएल रक्तात तुंबलं. मी डिफेन्सिनवर एवढं लिहीत बसलो आणि हे सांगलीच्या खिडकीतून दिसलं.

नमुना_क्रमांक_७

माझं काही नाही हो. आकडे एका खाली एक लिहिले की दिसतं. सगळ्यांनी जुने रिपोर्ट जपून ठेवा, एवढंच. लोक नवा आला की जुना फाडतात.

अबोली_नाशिक

धागा वर काढते, अडीच महिन्यांनी.

टीएसएच ६.२ वर आलंय, अजून थोडं उतरायचं आहे. स्टॅटिन बंद असतानाच एलडीएल १९६ वरून १५७. सीपीके सामान्य. गेल्या आठवड्यापासून रोसुव्हास्टॅटिन ५ मिलिग्रॅम परत सुरू केली, पाय अजून तरी दुखले नाहीत. काल आप्पा गच्चीवर पापड वाळत घालायला स्वतः वर गेले, कठडा न धरता, दोन्ही हातांत ताट होतं. मी खालून बघत उभी राहिले.

भावाने हा सगळा धागा वाचला. बाटल्या परत घेऊन गेला, पैसे मिळाले नाहीत. आप्पांच्या पायाशी बसून रडला. आप्पांनी त्याला स्वतःच्या हाताने चहा करून दिला.

@हडपसर_हायवे, आम्ही लायपोप्रोटीन-ए पण तपासलं. आप्पांचं ३१, माझं ८७. आईकडून आलं असावं. मी ३९ ची आहे, एलडीएल १२८. आता माझं काय करायचं ते विचारायला डॉक्टरांची वेळ घेतली आहे, शुक्रवारची. काय काय विचारू ते सांगाल?

हडपसर_हायवे

सांगतो. वहीत लिहून घ्या. आधी, आईच्या माहेरी कुणाला साठीच्या आत झटका आलाय का, ते मामांना फोन करून विचारा.